शीर्षकातले कॅपिटलचे फेटे

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी "मोघम लिहिलंस" म्हणायला नको. इंग्रजी शीर्षकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर कॅपिटलचा फेटा बांधायची पद्धत मला मुळीच पटत नाही. पहिला शब्द आणि विशेषनामं, एवढ्यांनाच कॅपिटल द्यावं. बाकीच्यांना साधं राहू द्यावं.

आता म्हणाल, आवड ज्याची त्याची, यात चिडायचं काय? चिडायचं हे, की आपल्याकडे ही आवड व्याकरणाचा नियम म्हणून शिकवतात. भाचीने प्रकल्पाच्या वहीवर 'अ रिव्हर नियर अवर होम' असं नाव लिहिलं. पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी छोटी. बाईंनी उरलेल्या चारही शब्दांभोवती लाल गोल काढले आणि गुण कापले. पोर बिचारी "मला इंग्रजी येत नाही" असं धरून बसली.

आता गंमत बघा. इंग्लंडमधल्या 'गार्डियन'चे आणि बीबीसीचे मथळे भाचीसारखेच असतात. असोसिएटेड प्रेसचेही. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मात्र फेट्यांची मिरवणूक असते. मग यांतलं अशुद्ध कोण?

बरं, मिरवणूकवाल्यांचं तरी आपसात जमतं का? तर तेही नाही. भाचीच्या शीर्षकातला 'नियर' घ्या. एपीए म्हणतं, चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द मोठा, म्हणजे 'नियर'ला फेटा. 'शिकागो मॅन्युअल' म्हणतं, ते शब्दयोगी अव्यय, छोटंच ठेवा. शिकागोच्याच २०१७ च्या आवृत्तीत अशी सगळी अव्ययं, कितीही लांब असली तरी, छोटी होती. २०२४ च्या आवृत्तीत पाच किंवा जास्त अक्षरांची मोठी झाली. 'बिट्वीन'ला सात वर्षांत बढती मिळाली, 'नियर' एका अक्षराने हुकला! ज्या नियमाला अक्षरं मोजावी लागतात, त्यासाठी पोरांचे गुण कापायचे?

माझा खरा आक्षेप अर्थाचा आहे. कॅपिटलचं मोठं काम म्हणजे "हे नाव आहे" असं सांगणं. 'वेटिंग फॉर होप' हे शीर्षक घ्या. 'होप' छोट्या अक्षराने लिहिलं तर आशेची वाट पाहणं, मोठ्या अक्षराने लिहिलं तर होप नावाच्या मुलीची. सगळ्यांनाच फेटे बांधले की हा फरक गेला. लग्नात सगळेच फेटा बांधून उभे राहिले तर नवरदेव ओळखायचा कसा?

आणि हे काम आपली मराठी कॅपिटलशिवाय किती झोकात करते! 'आशेची वाट पाहतोय' म्हणजे मनातली आशा. 'आशाची वाट पाहतोय' म्हणजे शेजारची आशा. 'विजयाचा आनंद' जिंकल्याचा, 'विजयचा आनंद' विजय नावाच्या माणसाचा. सामान्यरूप झालं की साधा शब्द, नाही झालं की नाव. (राम-सीतेसारखी नावं मात्र जुन्या वळणाने चालतात, रामाची, सीतेची. देवांना सवलत!) आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही याची लाज वाटून घेणाऱ्यांनी हे एकदा मोठ्याने म्हणून बघावं.

"पण शीर्षक उठून दिसायला नको का?" हा नेहमीचा सवाल. अहो, ते आधीच सगळ्यात वर आहे, मोठ्या टायपात आहे, ठळक आहे. आणखी किती उठवणार? आपणही काही कमी नाही म्हणा. कॅपिटल मिळत नाही म्हणून शीर्षकात अवतरणचिन्हं आणि तीन-तीन उद्गारचिन्हं पेरतो. रोग तोच.

तेव्हा शिक्षक मंडळींना एवढीच विनंती. एकाच वहीत दोन पद्धतींची भेसळ असेल तर जरूर गोल काढा, विशेषनाम छोटं असेल तर दोन काढा. पण साध्या, सरळ शीर्षकाला चूक म्हणू नका.

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी भांडायला यावं. चहा ठेवते.