मावशींचं ताट धरलंय का?

लग्नाची किंवा मुंजीची ऑर्डर घेताना मी यजमानांना आधी ताटांचा आकडा विचारते. तो कागदावर आला की पुढचा प्रश्न असतो : ड्रायव्हर किती, आणि मुलं सांभाळणाऱ्या मावश्या किती? ड्रायव्हरांचा आकडा पटकन मिळतो, कारण त्यांच्या पाकिटांची रीत पडून गेली आहे. पुरीभाजी, मसालेभात, एक गोड आणि पाण्याची बाटली. मावश्यांचा विषय निघाला की मात्र घर एकमेकांकडे बघतं. मग कोणीतरी म्हणतं, "त्या काय, घरच्याच आहेत. खातील मुलांबरोबर काहीतरी."

पुण्यात केटरिंगच्या धंद्यात राहून हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता त्याचा संताप लपवावासाही वाटत नाही. घरच्या माणसाचं ताट कोणता यजमान विसरतो? वरमाईच्या मावससासूला पहिल्या पंगतीला बसवायचं राहिलं तर दोन घरांत वर्षभर अबोला धरतात. ती एक गुलाबजाम खाऊन उठणार असली तरी तिचं पूर्ण ताट धरलेलं असतं. जिच्या कडेवर तुमचं मूल दिवसाचे दहा तास असतं, तिचं ताट मात्र धरायचं नाही, आणि वर तिला घरची म्हणायचं. हा खोटेपणा आहे. शिकलेल्या, सुस्थितीतल्या, एरवी समतेवर पोटतिडकीने बोलणाऱ्या घरांतला खोटेपणा आहे.

आमच्या धंद्याला लोक उर्मट म्हणतात. पण आमच्याकडे एक नियम जुन्या आचाऱ्यांपासून चालत आला आहे : वाढप्यांना आधी जेवू घालायचं. संध्याकाळचं रिसेप्शन असलं तर साडेपाचलाच भटारखान्यात पोरं जेवायला बसतात. भात, आमटी, भाजी, जे शिजलं असेल त्यातलं गरम. उपाशी माणसाच्या हातात दुसऱ्यासाठी पळी देऊ नये, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे. आणि त्याच कार्यालयात, भिंतीच्या पलीकडे, सोन्याने मढलेल्या यजमानीणबाई एका बाईला पाच वाजल्यापासून उपाशी उभं ठेवतात. तिच्या हातात बाळाची वाटी असते, खांद्यावर लंगोटांची पिशवी असते. बाळ आधी खाणार, मग ओकणार, मग त्याचे कपडे बदलायचे, मग ते रडणार, मग ते झोपणार. ते झोपेपर्यंत साडेदहा झालेले असतात. आमची पोरं काउंटर आवरत असतात, जिलबीचा ट्रे घासायला गेलेला असतो. ती येते आणि विचारते, "ताई, काही उरलंय का?" स्वतःच्या कामाच्या जागी बाई उरलेलं मागते, आणि मागताना लाजतेही तीच.

पंक्तिप्रपंच करू नये, असं आपल्याकडे मुलांना शिकवत. एकाच्या भातावर तूप जास्त आणि दुसऱ्याच्या भातावर कमी पडलं तर घरातलं जुनं माणूस वाढणाऱ्याला सगळ्यांसमोर दटावायचं. आता पंगत गेली, बुफे आला. बुफेत कोणी कोणाला वाढत नाही, म्हणून प्रपंचही उरला नाही, असं सोयीने समजलं जातं. पण प्लेट उचलायला मोकळा हात लागतो. मावशीचा तो हात तुम्ही मुलाला देऊन टाकला आहे.

या बायका आमच्या भटारखान्याच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ येऊन बसतात, कारण तिथे त्यांना कोणी उठवत नाही. तिथे त्या एकमेकींना विचारतात ते प्रश्न मला पाठ झाले आहेत. टेबलाशी खुर्ची रिकामी असली तर बसायचं का? बाळाचा वाढदिवस आहे, पाकीट द्यायचं का, आणि दिलं तर त्यात किती घालायचे? मॅडम म्हणाल्या चांगली साडी नेसून या. चांगली म्हणजे किती चांगली? मॅडमपेक्षा उजवी दिसली तर? आपल्या पोरीला आणू का विचारावं, की तिला आणलं तर तिलाही कामाला लावतील? यांतला एकही प्रश्न त्या बाईने सोडवायचा नाही. जिने बोलावलं तिने आदल्या दिवशी तोंड उघडून त्याचं उत्तर सांगायचं आहे. शिष्टाचार ही यजमानाची जबाबदारी असते. जी नकार देऊ शकत नाही, जिचा पगार त्याच घरातून येतो, तिच्यावर रीतभात ओळखण्याचं ओझं टाकणं हा भेकडपणा आहे.

खरा घोळ कुठे आहे ते सांगते. आपण तिला कार्याला नेतो ते कामाला, पण पैसे देताना म्हणतो की ती पाहुणी म्हणून आली होती, लग्नाचं जेवण जेवली, तिचीही हौस झाली. जेवायची वेळ आली की मात्र ती कामाला आलेली असते. पाहुणी म्हणावं तर खुर्ची नाही, कामगार म्हणावं तर जादा तासांचे पैसे नाहीत. दोन्हीकडून तिला नागवायचं आणि हे सगळं प्रेमाच्या नावाखाली खपवायचं. मला एवढंच म्हणायचं आहे की एक काहीतरी ठरवा. कामाला नेत असाल तर तसं सांगून न्या, जादा तासांचे पैसे त्याच रात्री तिच्या हातावर ठेवा, आठ वाजता अर्धा तास स्वतःचं मूल स्वतः घ्या आणि तिला खुर्चीवर बसून गरम जेवू द्या. पाहुणी म्हणून बोलावत असाल तर तिच्या घरी पत्रिका द्या, नवऱ्याला आणि मुलांना बोलवा, आणि त्या दिवशी तुमचं मूल तिच्या कडेवर देऊ नका. बाळाला तिची सवय आहे, तिच्याशिवाय ते राहत नाही, असं सांगू नका. सवय तुमचीही आहे.

तिच्या कामाला कार्यालयात कुंपण नसतं, हे आणखी एक. घरी एक मूल सांभाळायचं ठरलेलं असतं. लॉनवर पाऊल ठेवलं की तुमची नणंद तिचा मुलगा सोडून जाते, नणंदेची मैत्रीण तिच्या जुळ्या मुली सोडून जाते. "मावशी, यांच्याकडे पण बघा हं जरा." तासाभरात त्या बाईभोवती पाच-सहा मुलं असतात. जवळ कारंजं असतं, मांडवाच्या वायरी असतात, आमचे गरम तव्यांचे काउंटर असतात. एखादं मूल पडलं तर तिला विचारतात, "तुझं लक्ष कुठे होतं?" तिच्या नावाने हाक मारलेली मात्र मी त्या मांडवात क्वचितच ऐकते. फोटोच्या वेळी तिला बाजूला व्हायला सांगतात, आणि बाळ रडायला लागलं की तीच फोटोग्राफरच्या पायाशी उकिडवी बसून खुळखुळा वाजवते. अल्बममध्ये बाळ हसताना दिसतं ते तिच्याकडे बघून.

कपड्यांबद्दल फार बोलणार नाही, फक्त एक जाहीर प्रकरण सांगते, कारण त्यात आपला सगळा समाज उघडा पडला. जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये एका सदस्याने काही पाहुण्यांना जेवायला बोलावलं. त्यांत मेघालयातली एक खासी बाई होती, पाहुण्यांपैकी एकीच्या मुलाला सांभाळणारी. तिला रीतसर आमंत्रण होतं. अंगावर जैनसेम होतं, खासी बायकांचा पारंपरिक पोशाख. क्लबच्या माणसांनी तिला टेबलावरून उठायला सांगितलं, कारण तो पोशाख मोलकरणीसारखा दिसतो. देशभर ओरड झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण लोक चिडले ते एका समाजाच्या पोशाखाचा अपमान झाला म्हणून. फार थोड्यांनी पुढचा प्रश्न विचारला : ती मोलकरणीसारखी दिसली असती, किंवा मोलकरीणच असती, तर तिला उठवणं योग्य ठरलं असतं का? आमंत्रण असलेली बाई जेवायला बसली आहे, यापुढे तिच्या कपड्यांवरून तिचं काम ओळखायचा अधिकार कोणाला कसा मिळतो? आपल्याकडच्या मोठ्या लग्नांत आता मावश्यांना फिक्या निळ्या किंवा गुलाबी रंगाचा युनिफॉर्म घालून आणतात. गर्दीत त्या चटकन सापडाव्यात म्हणून, असं सांगतात. चुकून कोणी तिला पाहुणी समजू नये, हे खरं कारण आहे.

घरगुती कार्यक्रमांत हे आणखी बोचरं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती सोसायटीतल्या तीस बायकांना तिळगूळ देत फिरते, बाळाला सांभाळते, कपबश्या उचलते. तिच्या कपाळाला कुंकू लावायचं कोणाच्या लक्षात येत नाही. वाणाच्या वस्तू मोजून आणलेल्या असतात, तिची धरलेली नसते. ती विधवा असेल तर तिला आधीच स्वयंपाकघरात थांबायला सांगतात, आणि जाताना उरलेलं वाण "तुमच्या मुलीला न्या" म्हणून पिशवीत टाकतात. बारशाला पाळणा हलवायला आत्या, मामी, काकू सगळ्या पुढे होतात. दुसऱ्या दिवसापासून रोज तो पाळणा हलवणारी बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी असते. तिला पुढे बोलावून पाळण्याच्या दोरीला हात लावू द्यायला एक पैसा खर्च येत नाही.

मावश्यांच्या बाजूने कायदा फारसा बोलत नाही, आणि यजमानांना ते चांगलं ठाऊक आहे. १९८० मध्ये याच पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्यानंतर राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ साल उजाडलं. त्यात नोंदणी आहे, काही मदत आहे. कार्यालयात रात्री बारापर्यंत थांबवलेल्या बाईचे तास कोण मोजणार, याचं उत्तर त्यात नाही. जून २०११ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यातलं एक कलम जणू मंगल कार्यालयात उभं राहून लिहिलं आहे : जो वेळ कामगाराला स्वतःच्या मर्जीने घालवता येत नाही, घराच्या हाकेला तयार राहावं लागतं, तो वेळ देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत कामाचाच धरावा. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, आणि आजतागायत त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या घरांत चालतं तेच देशाने जिनिव्हात केलं. सगळ्यांसमोर मान डोलावली आणि ताट धरलं नाही.

एका बाबतीत कायदा स्पष्ट आहे, आणि तिथेही लोक डोळे मिटतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी, गावाकडून आणलेली, ढगळ फ्रॉक घातलेली, कडेवर यजमानांचं बाळ घेऊन बुफेच्या रांगेपासून लांब उभी. असं दृश्य दिसलं तर ती कुठे बसते, काय खाते हा मुद्दाच नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर कामाला ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन करायचा. वधूपक्ष आपला की वरपक्ष आपला, हे बघायचं नाही.

मला लोक सांगतात, त्यांनाच आमच्यात बसायला अवघड वाटतं. वाटणारच. टेबलावर बसल्या बसल्या कोणीतरी "मावशी, जरा पाणी आणता का" म्हणेल, हे तिला माहीत असतं. शेजारी बसा, तिच्या ताटात आधी वाढा, दोनदा-तीनदा असं झालं की अवघडलेपण जातं. काही जण म्हणतात, आम्ही दिवाळीला बोनस देतो, मुलांची फी भरतो. भरता, चांगलं करता. म्हणून लग्नात ती उपाशी राहिली तर चालतं का? खर्चाचं कारण सांगणाऱ्यांचा हिशेब तर माझ्याच वहीत असतो. आठशे रुपयांचं ताट, सहाशे माणसं, लाइव्ह काउंटर वेगळे, स्टेजवरची फुलं परराज्यातून आलेली. तीन मावश्यांची तीन ताटं वाचवून या घराचं काय वाचतं?

जेवणापेक्षाही निर्दय गोष्ट परतीची आहे. कार्यालय बाणेरला, तिचं घर रामटेकडीला. रात्री साडेअकराला कार्य संपतं. बसगाड्या नाहीत, रिक्षावाला तोंडाला येईल ते सांगतो. यजमानांच्या चार गाड्या निघतात, प्रत्येकीत आहेराची खोकी रचलेली, म्हणून तिला जागा नाही. "उद्या थोडं उशिरा आलात तरी चालेल," असं वर सांगितलं जातं, आणि उशिरा म्हणजे सातऐवजी आठ. एका रात्री मी आमच्या भांड्यांच्या टेम्पोतून, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसवून एका मावशींना घरी पोहोचवलं. वाटेत त्या म्हणाल्या, बाळाला ताप आहे, मॅडमना सांगायचं राहिलं, तुमच्या फोनवरून कळवता का.

तुळशीचं लग्न झालं की आमचा मोसम सुरू होतो. या मोसमापासून माझ्या ऑर्डरच्या कागदावर एक ओळ छापलेली आहे : मुलं सांभाळणाऱ्यांची ताटं, दर पाहुण्यांचाच, जागा बसून जेवायची, वेळ रात्री आठच्या आत. तो रकाना कोरा ठेवून सही केलेला कागद मी परत पाठवते. दोन पार्ट्या यावरून दुसऱ्या केटररकडे गेल्या. जाऊ देत. एकीने फोनवर आवाज चढवून विचारलं, आमच्या घरच्या बाईने कुठे बसायचं हे तुम्ही कोण ठरवणार? मी म्हटलं, तुम्ही ठरवा, पण मला आकडा सांगा.