पोलादी पिंजरा आणि सुरक्षेचा हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गावरील भांडगावसारख्या गावांजवळून भरधाव जाणाऱ्या मोटारींत शर्यतीच्या गाडीप्रमाणे पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवावा, हा विचार वरकरणी शहाणपणाचा वाटेल. गाडी उलटली तरी तो छत खचू देत नाही, हे खरेच. परंतु शर्यतीतील चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि अनेक पट्ट्यांनी तो आसनाशी जखडलेला असतो. रस्त्यावरील प्रवाशाचे उघडे डोके मात्र किरकोळ अपघातातही त्याच नळीवर आदळू शकते.

शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत फेरफारास मनाई करते. याच कलमाच्या आधारे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींपुढील लोखंडी संरक्षक दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. तेथे तर मालकाच्या संरक्षणाची किंमत पादचाऱ्याला मोजावी लागते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मोटार आधुनिक होती; मागील आसनावरील पट्टा तेवढा बांधलेला नव्हता. ज्याची किंमत गाडीबरोबर आधीच चुकती झाली आहे, तो पट्टा न वापरता नवे पोलाद विकत घेणे, हा सुरक्षेचा नव्हे, आभासाचा व्यवहार होय.