वास बाईला येतो, अहवालात ती नसते

‘पाण्याला पेट्रोलचा वास येतोय,’ असे बाई सांगते तेव्हा ‘मनाचे खेळ’ म्हणून तिला परत पाठवतात. मी म्हणते, तपास तिथूनच सुरू व्हायला हवा. पंपाची जमिनीखालची टाकी गंजते, गळते. पेट्रोल भूजलावर तरंगते, पण त्यातले बेंझिन पाण्यात विरघळून विहिरीकडे सरकते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. एवढ्याचा तर वासही येत नाही! म्हणजे वास येईस्तोवर उशीर झालेला असतो.

अमेरिकेत सँटा मोनिकाने १९९६ साली पेट्रोलमधल्या एमटीबीईमुळे विहिरी बंद केल्या. शहराचे जवळजवळ निम्मे पाणी गेले. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पंपांसाठी वस्तीपासून ५० मीटरचे अंतर सांगितले. जुन्या पंपांशेजारी पाणी भरणाऱ्या बायांचे काय?

मैत्रिणींनो, मागणी स्पष्ट करू या: माती-पाण्याचे नमुने आमच्यासमोर घ्या, अहवाल मराठीत हातात द्या, तोवर टँकर कंपनीच्या खर्चाने आणा. टाकी गळत नाही हे कंपनीने सिद्ध करावे. आमच्या आजारपणाने नव्हे.