जाहिराती बंद करायचे पैसे भरावेत का?

महिन्याच्या सात तारखेला पगार झाला की आमच्या घरी हिशेबाची वही निघते. किराणा, दूध, वीज, गॅस, बचत गटाचा हप्ता, मुलांची फी. २०२५ च्या दिवाळीनंतर या वहीत एका नव्या खर्चाची मागणी आली आणि तिच्यावरून चार दिवस घरात बोलणे चालले. मागणी अशी होती : 'यूट्यूब, जाहिराती बंद, दरमहा १४९ रुपये.'

एवढ्याशा रकमेवर चार दिवस कसले बोलणे, असे कोणी म्हणेल. पण पगार एकाचा आणि तोंडे पाच असली की १४९ रुपये म्हणजे किलोभर तूरडाळ असते. शिवाय ही डाळ दर महिन्याला जाणार. म्हणून विचार करणे भाग होते.

सुरुवात मुलीपासून झाली. ती बारावीला, विज्ञान शाखेत. क्लासची फी आम्हाला झेपली नाही. पहाटे पाचला उठून ती स्वयंपाकघरात मोबाईलवर रसायनशास्त्राचे धडे पाहते. एका पहाटे मी चहा टाकायला उठले, तर मास्तरांचा आवाज मध्येच थांबला आणि एक बाई 'पाच मिनिटांत कर्ज' म्हणून ओरडू लागली. मुलगी वही मिटून पाणी प्यायला उठली. मी म्हटले, "अगं, दोन सेकंदांची तर जाहिरात." ती म्हणाली, "आई, जाहिरात दोन सेकंदांची असली तरी माझं समीकरण अर्ध्यावर सुटतं. परत जमायला वेळ लागतो."

तिने पैसे मागितले नाहीत. ते पाहूनच मला जास्त लागले.

त्या रविवारी मी शिलाई मशीनवर बसून एक काम केले. घरात दोन तास मोबाईल चालू होता, त्यात जाहिरात आली की वहीत एक रेघ मारायची. दोन तासांत २६ रेघा झाल्या. वेळ धरला तर साधारण १३ मिनिटे.

जाहिरात काही आजची नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. पुढे केबल आली. केबलवाल्याला दरमहा पैसे देऊनही आपण जाहिराती पाहिल्याच. त्यामुळे 'पैसे भरूनही जाहिरात' ही तक्रारही जुनीच. फरक एवढाच की टीव्हीवरच्या जाहिरातीत आपण भाजी परतून येत होतो. केबलच्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादाही घातलेली आहे. मोबाईलवरची जाहिरात मात्र एकेकट्याच्या कानाशी लागते आणि कोण काय पाहतो हे ओळखून लागते. मुलाला खेळण्यांची, मुलीला गोरे दिसण्याची, घरच्या कर्त्याला कर्जाची.

हीच खरी किंमत आहे, असे मला वाटते. आमचा सातवीतला मुलगा महिनाभर एका महागड्या बुटांसाठी हटून बसला होता. ते बूट त्याला मित्राच्या पायात दिसले नव्हते, मोबाईलमध्ये दिसले होते. पूर्वी पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिरातींनी तर कहर केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर बंदी आणली. पण कर्जाच्या जाहिराती आहेतच. तेव्हा 'फुकट आहे ना, मग बघा' म्हणताना फुकट किती महागात पडते तेही पाहावे.

आता दुसरी बाजू. पैसे भरून नेमके काय मिळते? इथेच आपली माणसे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यूट्यूब प्रीमियमचा एकट्याचा दर ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ झाला. कुटुंबाचा १८९ वरून २९९ झाला, त्यात एका घरातली सहा माणसे बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाईट' नावाची ८९ रुपयांची स्वस्त योजना आली. तिच्यात बहुतेक व्हिडिओंवरच्या जाहिराती जातात. मात्र गाण्यांवर, छोट्या 'शॉर्ट्स'वर आणि काही शोधताना जाहिराती दिसू शकतात.

अॅमेझॉन प्राईमचे वर्षाचे १४९९ रुपये भरणाऱ्यांनाही १७ जून २०२५ पासून सिनेमात जाहिराती दिसू लागल्या. त्या काढायला वर्षाला आणखी ६९९, नाहीतर महिन्याला १२९ असा दर त्या वेळी ठेवला. म्हणजे पूर्वी जे १४९९ मध्ये मिळत होते, त्याला २१९८ रुपये झाले. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथली बिनजाहिरातीची योजना तीन महिन्यांना ४९९ ची होती. पण क्रिकेटचा सामना थेट चालू असताना तिच्यातही जाहिराती होत्या!

आणखी एक गोष्ट. व्हिडिओ करणारा स्वतःच मध्ये थांबून एखाद्या कंपनीची शिफारस करतो, ती कोणत्याही योजनेत जात नाही. पैसे भरले तरी ती ऐकावीच लागते.

आणि 'रोजचे फक्त पाच रुपये' हा हिशेब कधी करू नये. तो विकणाऱ्याचा हिशेब आहे. आपला हिशेब वर्षाचा. १४९ चे वर्षाला १७८८ होतात. मोबाईलचा रिचार्जही २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो. असे थोडे थोडे मिळूनच पगार जातो.

आमच्या शेजारच्या मावशींचे सांगते. चार घरची धुणीभांडी करतात. मुलाने त्यांच्या खात्यावरून कुठलीशी 'पहिला महिना फुकट' योजना चालू केली आणि विसरला. आठ महिने खात्यातून पैसे जात राहिले. बचत गटाचा हप्ता चुकला तेव्हा कुठे कळले. बँकेचे मेसेज येत होते, पण इंग्रजीतून, आणि ते पोराच्या फोनवर. मावशी मला म्हणाल्या, "ताई, चोरानं नेलं असतं तर बोंब तरी मारली असती. हे तर मीच दिलं म्हणतात."

अशा वेळी माहिती असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दरमहा आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो आधीचा मेसेजच काय तो इशारा. यूपीआयवरून परवानगी दिली असेल, तर त्याच अॅपमध्ये 'ऑटोपे' या जागी ती दिसते आणि तिथूनच रद्द करता येते. सहज चालू होणारी पण बंद करायला नाकी नऊ आणणारी योजना ही फसवी युक्ती आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या १३ युक्त्यांच्या यादीत लिहिलेले आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

तर आमच्या घरची बैठक. मागण्या चार होत्या. मिस्टरांना क्रिकेट बिनजाहिरातीचे हवे होते. मुलाला कार्टून. सासूबाई सकाळी मोबाईलवर बुद्धवंदना लावतात, त्यात त्रिसरण संपून पंचशील सुरू व्हायच्या आत साबणाची जाहिरात येते, म्हणून त्यांचीही कुरकुर होती. आणि मुलीचा अभ्यास, ज्याबद्दल ती स्वतः काहीच बोलत नव्हती.

मिस्टरांना मी सामन्यातल्या जाहिरातींचे सांगितले. ते हसून म्हणाले, "मग पैसे भरून तरी काय उपयोग?" एक मागणी मिटली. मुलाला सांगितले, कार्टून एक तास, जाहिरात आली तर आवाज बंद करायचा. तो रुसला, पण ऐकले.

सासूबाई मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी एकच कंदील होता. भावाच्या अभ्यासासाठी रॉकेल आणायचे. मी त्याच उजेडात भाकरी थापायची. मला कोणी विचारलं नाही की तुला वाचायचं आहे का." मग नातीकडे बघून म्हणाल्या, "हिला विचारा. आणि माझ्या वंदनेचं सोडा. ती मला तोंडपाठ आहे."

घरात कोणी काही बोलले नाही. मुलीची मान खाली होती. मग तिनेच सांगितले की तिला गाणी नकोत, शॉर्ट्स नकोत, फक्त धडे हवेत. म्हणजे ८९ रुपयांचे पुरत होते. डिसेंबर ते मार्च, चार महिने, ३५६ रुपये. १४९ चे वर्ष भरले असते तर १७८८ गेले असते. गरज नीट विचारली म्हणून १४३२ रुपये वाचले. मी वहीत तो खर्च करमणुकीत धरला नाही, 'शिक्षण' या सदराखाली लिहिला. शेजारी बंद करायची तारीखही लिहिली.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी मुलीने स्वतः ती योजना रद्द केली आणि वहीत सही केली. निकाल लागायचा तो लागेल. पण माझ्या अभ्यासाला घराने पैसे मोजले, हे तिला कळले. ते मला ३५६ रुपयांहून मोठे वाटते.

याचा अर्थ प्रत्येकीने पैसे भरावेत असा नाही. कितीतरी सोयी बिनपैशाच्या आहेत. बालभारतीच्या पुस्तकांवर चौकोनी क्यूआर कोड असतो. सरकारच्या 'दीक्षा' अॅपने तो टिपला की धडा उघडतो, जाहिरातीविना. करमणुकीसाठी डीडी फ्री डिशला दरमहा भाडे नाही. यूट्यूबच्या जाहिरातीवरच 'माय अॅड सेंटर' उघडता येते, तिथून दारू, जुगार, वजन घटवणे अशा विषयांच्या जाहिराती कमी करता येतात. हे दोन मिनिटांचे काम प्रत्येक आईने आजच करावे.

आणि पैसे भरायचेच ठरले, तर आधी हे पाच प्रश्न घरात विचारावेत :

१) या पैशांनी घरातल्या कोणाचा वेळ वाचणार, आणि तो वेळ कशाला लागणार?

२) जे पाहायचे आहे, त्यातल्या जाहिराती या योजनेत खरोखर जातात का? गाणी आणि थेट सामने वेगळे तपासा.

३) कमी दराची योजना पुरेल का? उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे का?

४) महिन्यापुरते घेता येते का? दर बदलत राहतात, म्हणून वर्षाचे एकदम भरण्याआधी दोनदा विचार करा आणि पैसे भरताना पडद्यावरचा आकडा वाचा.

५) बंद कधी करायचे आणि कोण करणार? तारीख आणि नाव दोन्ही वहीत लिहा.

पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्या घरात जो मोठ्याने मागतो त्याला आधी मिळते. जी मागत नाही, तिला मुद्दाम विचारावे लागते. मोबाईलच्या खर्चातही आणि बाकीच्या खर्चातही.

तुमच्या घरी काय ठरले, ते पत्राने जरूर कळवा.