ऐकणाऱ्याचा अखत्यार

ज्या चित्रपटात खुनाचा देखावा नाही, पाठलाग नाही, जिच्या जिवासाठी सारी धडपड चालली आहे त्या स्त्रीचे मुखदर्शनही प्रेक्षकास होत नाही, आणि तरीही ज्याच्यासमोरून 85 मिनिटे उठवत नाही, असा चित्रपट निर्माण करण्यास केवढे धैर्य लागते, याचा प्रत्यय मला गुस्ताव मोलर यांची ‘द गिल्टी’ ही 2018 सालची डॅनिश कलाकृती पाहताना आला. एका अपहृत स्त्रीच्या खऱ्याखुऱ्या दूरध्वनीचे मुद्रण ऐकताना, कधीही न पाहिलेली दृश्ये आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहिली, असे मोलर यांनी सांगितले आहे. त्यांच्या या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे बीज त्या अनुभवात आहे.

अस्गर होल्म हा गस्तीवरचा पोलीस अंमलदार. त्याच्यावरील एका प्रकरणाची सुनावणी व्हावयाची असल्यामुळे तूर्त त्याची रवानगी 112 या आपत्कालीन क्रमांकावरचे दूरध्वनी घेण्याच्या कामावर झाली आहे, आणि उद्या न्यायालयातून सुटलो की पुन्हा मूळच्या जागी रुजू होऊ या भरवशावर तो ही पाळी कशीबशी रेटीत आहे. एवढ्यात ईबेन नावाच्या स्त्रीचा दूरध्वनी येतो. ती आपल्या लहानग्या मुलीशी बोलावे तशी बोलते. शेजारच्या माणसाला संशय येऊ नये म्हणून हे चालले आहे, हे अस्गर तत्काळ ओळखतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यानेच भागेल असे प्रश्न तिला विचारू लागतो.

वस्तुतः त्याचा अखत्यार मर्यादित आहे. फिर्याद ऐकावी, ठावठिकाणा लावावा आणि प्रकरण संबंधित विभागाच्या नियंत्रण कक्षाकडे सोपवावे. गस्तीची मोटार सोडण्याचा हुकूम तेथून सुटावयाचा. परंतु रस्त्यावर वावरलेल्या या माणसाला तेवढ्याने स्वस्थता लाभत नाही. तो बाजूच्या खोलीत जाऊन पडदे ओढून घेतो, आपल्या सहकाऱ्याला परस्पर कामास लावतो, आणि तहकीकात अपुरी असतानाच, निव्वळ आवाजाच्या कंपावरून, अपराधी कोण आणि निरपराध कोण याचा निवाडा मनोमन करून टाकतो. येथेच मोलर यांची खरी प्रतिभा दिसते, कारण तोच निवाडा, तितक्याच तत्परतेने आणि तितक्याच अपुऱ्या पुराव्यावर, आपणही केलेला असतो. पावसाची रिपरिप, काचेवर फिरणाऱ्या वायपरचा आवाज, मध्येच पडणारी शांतता, एवढ्या सामग्रीतून प्रत्येक प्रेक्षक आपापली मोटार आणि आपापला खलपुरुष घडवितो. पडद्यावर मात्र बहुतेक काळ याकोब सीडरग्रेन यांचा चेहरा तेवढा असतो, आणि त्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हळूहळू विरत जाताना पाहणे ही अभिनयकलेची दुर्मीळ मेजवानी आहे.

2021 साली आंत्वान फुक्वा यांनी जेक जिलनहालला घेऊन याच कथेचा अमेरिकी अवतार काढला. जिलनहालचा अभिनय कसदार आहे. पण लॉस एंजेलिसच्या कक्षातील भिंतीवरच्या पडद्यांवर पेटलेले वणवे तेथे आपली नजर वेधून घेतात, आणि जे काम कानाकडे सोपवावयाचे ते डोळ्यांकडे जाते. माझ्या मते मूळ कृतीचे सामर्थ्य तिच्या संयमात होते, आणि तोच तेथे सुटला.

आपल्याकडेही आज आपत्कालीन साह्यासाठी 112 हाच क्रमांक आहे. पलीकडच्या माणसाचे शब्द नीट ऐकून घेऊन, ऐकलेल्यात आपले काही न मिसळता, योग्य ठिकाणी मदत धाडण्याचे हे काम किती कठीण आहे, हे या चित्रपटानंतर माझ्या मनावर ठसले. त्या कक्षांत रात्रपाळी करणाऱ्यांविषयी मला आता नितांत आदर वाटतो.

वाचकांस एकच विनंती : कथेचा शेवट कोणास न विचारता, दिवे मालवून, भाषांतरित आवाजात नव्हे तर मूळ डॅनिश ध्वनीसह हा चित्रपट पाहावा, आणि अमेरिकी आवृत्ती त्यानंतर.