चुलीपाशीं शास्त्राभ्यास

आम्ल व अल्क यांची व्याख्या विचारिली असतां आमच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी ती बिनचूक सांगतात. परंतु सदऱ्यावर पडलेला आमटीचा डाग साबण लागतांच तांबडा कां होतो, असें विचारिलें कीं सारा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतो. वस्तुतः दोन्ही प्रश्न एकच होत. हळद अल्काच्या संगतीनें तांबडी होते, व त्याच डागावर लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळी होते. लिटमसच्या कागदाचें काम घरची हळद नित्य करीत असते. पाहणारा मात्र कोणी नसतो.

याचा सारा दोष विद्यार्थ्यांस देणें न्यायाचें होणार नाहीं. आपल्या पुष्कळ घरांत मुलगी स्वयंपाकास हात लाविते, पण अमुक गोष्ट अशीच कां करावयाची, हें तिला कोणी विचारीत नाहीं. मुलास तर स्वयंपाकघराचा उंबरठाच परका असतो. शाळेंत दोघांसही कारणें शिकविलीं जातात, पण तीं घरच्या कृतीशीं जोडून देणारा कोणी भेटत नाहीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकानें आठवड्यांतून एक दिवस तरी आईवडिलांसमवेत रांधावें, व रांधतांना प्रश्न विचारावे.

उदाहरणार्थ, दह्याचीच गोष्ट घ्या. एकाच पातेल्यांतील तापविलेलें दूध तीन वाट्यांत घ्यावें. एकींत दूध उकळतें असतांच विरजण घालावें, दुसरींत तें कोमट झाल्यावर घालावें, व तिसरींत मुळींच घालूं नये. तिन्ही वाट्या रात्रभर एकाच ठिकाणीं झांकून ठेवाव्या. सकाळीं दुसऱ्या वाटींतच दहीं चांगलें लागलेलें दिसेल. विरजणांत सूक्ष्म जिवाणू असतात; ते दुधांतील साखरेचें आम्ल करितात, व त्या आम्लानें दूध थिजतें. उकळत्या दुधांत ते मरून जातात. दूध आंबविण्याचें हें कार्य सजीवांचें आहे, असें लुई पाश्चर यांनीं १८५७ सालीं प्रतिपादिलें. आजीला पाश्चरचें नांव ठाऊक नसेल. पण ती विरजण लावण्यापूर्वीं दुधांत बोट बुडवून पाहते, त्यांत हेंच शास्त्र आहे.

तीच गोष्ट डाळीची. समुद्रकांठीं पाणी १०० अंश सेल्सिअसवर उकळतें. सुमारें १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरीं हवेचा दाब कमी असल्यामुळें तें सुमारें ९५ अंशांवरच उकळतें, म्हणून तेथें उघड्या पातेल्यांत डाळ शिजण्यास वेळ लागतो. उलट कुकरमध्यें वाफ कोंडून दाब वाढतो, व पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें. ही युक्ति डेनिस पापिन यांनीं १६७९ सालीं काढिली. एवढें समजलेला विद्यार्थी दाब व उत्कलनबिंदु यांचा संबंध जन्मभर विसरणार नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, यांत दूध वायां जाईल व अभ्यासाचा वेळ बुडेल. परंतु वाटीभर दुधाच्या मोलानें जें ज्ञान पक्कें होतें, तें दहा वेळां घोकूनही होत नाहीं. 'मला ठाऊक नाहीं, आपण करून पाहूं,' असें म्हणण्यांतही पालकांस कमीपणा नाहीं. उलट मुलांस तोच शास्त्राचा पहिला धडा होय.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द. वडील माणूस जवळ असल्यावांचून विस्तवाशीं जाऊं नका, व वाफ पूर्ण गेल्यावांचून कुकर उघडूं नका. एका वेळीं एकच गोष्ट बदला, व जें दिसेल तें वहींत लिहा, फसलेंही लिहा. आणि प्रयोग संपल्यावर भांडीं आपल्या हातांनीं घांसून ठेवा. म्हणजे पुढच्या आठवड्यांत स्वयंपाकघराचें दार तुम्हांस पुन्हां उघडें राहील.