चंदा द्या, हिशेब मागा. माईक मागू नका

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी असरच्या नमाजनंतर आमच्या दुकानी गावातली सात मुले आली. पाच मुलगे आणि दोन मुली. सगळी संगणकाचे काम करणारी. कोणी नाशिकच्या गिऱ्हाइकांसाठी घरी बसून वेबसाइट बनवतो, कोणी कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. त्यांचे म्हणणे असे की, मालेगावात एक दिवसाची सॉफ्टवेअर परिषद भरवायची आहे. माणसे दीडशे. आम्ही एखाद्या शाळेचा हॉल मिळवून द्यावा आणि पाच हजार रुपये द्यावेत.

आम्ही व्यापारी. व्यापाऱ्याच्या तोंडी जे येते तेच आम्ही विचारले: आमच्या पेढीचा बॅनर कोठे लागेल आणि उद्घाटन कोणाच्या हस्ते आहे? त्यांच्यातली एक मुलगी अदबीने म्हणाली, "चाचा, बॅनर लागेल, नाव छापू, शुक्रियाही अदा करू. पण उद्घाटन नाही, सत्कार नाही, आणि पैसे देऊन भाषणाची वेळ मिळत नाही."

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. पैसा आमचा आणि अटी यांच्या! चहा पाजला, "मशवरा करून कळवतो" म्हटले आणि त्यांना वाटेला लावले. बाजारात दोन-चार सेठ मंडळींना विचारले तर तेही हसले. "मंचावर बसवणार नाहीत तर चंदा कशाचा?" हा सगळ्यांचा सवाल.

परंतु मुलीचे ते बोलणे डोक्यातून जाईना. म्हणून असे मेळावे बाहेर कसे चालतात याची आम्ही चौकशी केली. जे कळले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण आज आमच्या दुकानी आलेली मुले उद्या आपल्याही दुकानी येतील.

मेळावे चालतात कसे

ही मुले वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. २००३ मध्ये निघालेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. कोणीही घ्यावे, बदलावे, वापरावे. आज जगातल्या दहापैकी चारहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. ते उर्दूतही मिळते आणि मराठीतही, आणि हे तर्जुमे स्वयंसेवकांनी केलेले आहेत. आपल्यापैकी ज्यांनी दुकानाची वेबसाइट काढली आहे, त्यांच्यातल्या कित्येकांचा माल न कळत याच सॉफ्टवेअरवर मांडलेला असेल. म्हणजे चंदा मागायला मुले आज आली. फायदा आपण आधीच घेऊन बसलो आहोत.

वर्डप्रेसवाल्यांचा पहिला मेळावा २००६ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला भरला. त्याला वर्डकॅम्प म्हणतात. पुढे गावोगावचे लोक आपापला वर्डकॅम्प भरवू लागले. त्याचे दंडक ठरलेले आहेत. संयोजक पगार घेत नाहीत, वक्ते मानधन घेत नाहीत, तिकीट स्वस्त ठेवायचे, आणि प्रायोजकाला पैशाच्या बदल्यात भाषण मिळत नाही. प्रमुख संयोजक वर्षानुवर्षे एकच राहू नये, असाही कटाक्ष असतो.

पायथॉन नावाची दुसरी एक संगणकाची भाषा आहे. तिच्या लोकांचा भारतातला मेळावा, पायकॉन इंडिया, २००९ मध्ये बेंगळुरूला सुरू झाला आणि २०११ मध्ये आपल्या पुण्यात भरला. पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई असा फिरत राहिला. तेथे कोण बोलणार हे ओळखीवर ठरत नाही. विषय मागवले जातात आणि त्यातून निवड होते. अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये तर अनेक वर्षे अशी रीत राहिली की वक्त्यानेही तिकीट काढायचे आणि संयोजकानेही. ज्याला परवडत नाही त्याला मदत द्यायची, पण 'आपला माणूस' म्हणून फुकट पास नाही.

बंधूंनो, हे वाचून आम्हाला शरम वाटली. काही वर्षांपूर्वी एका व्यापारी मेळाव्यात आम्ही स्वतः हजर होतो. दहाची वेळ, बारा वाजता सुरुवात. पाहुण्यांचे हारतुरे आणि भाषणे यात जुहरची वेळ झाली. ज्या विषयासाठी लोक आले होते, म्हणजे उधारी वसूल कशी करावी, त्याला वीस मिनिटे मिळाली. मंडपवाल्याचे पैसे आठ महिने थकले, आणि जमाखर्च आजपर्यंत कोणी पाहिला नाही. चंदा आम्हीही दिला होता, मंचावर आम्हीही बसलो होतो. म्हणजे दोष आमचाही आहे.

आमच्याकडे आहे, मुलांकडे नाही

तथापि मुलांकडे सगळे आहे असेही नाही. दुसऱ्यांदा बोलावून आम्ही त्यांचे अंदाजपत्रक पाहिले. एका कागदावर चार ओळी! सॉफ्टवेअर त्यांना येते, पण दीडशे पानांचे जेवण त्यांनी कधी उठवलेले नाही. येथे आपला तजुर्बा कामी येतो. आम्ही गादीवर बसून त्यांच्यासमोर आकडे मांडले ते असे.

हॉल आणि सफाई २०,००० रुपये. दुपारचे जेवण माणशी १८० प्रमाणे २७,०००. दोन वेळचा चहा-नाश्ता माणशी ४० प्रमाणे ६,०००. साउंड, प्रोजेक्टर, इंटरनेट आणि जनरेटर मिळून १५,०००. बॅनर आणि ओळखपत्रे ६,०००. कापडी पिशव्या ६० प्रमाणे ९,०००. बेरीज ८३,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी, म्हणजे ८,३००. एकूण ९१,३००. आता जमा. दोनशे रुपये तिकीट धरले तर दीडशे माणसांचे ३०,०००. राहिले ६१,३००. पाच-पाच हजार देणारे तेरा दुकानदार उभे राहिले की ६५,००० होतात, आणि ३,७०० रुपये पुढल्या वर्षासाठी शिल्लक राहतात. एका लग्नाच्या रोषणाईवर आपण यापेक्षा जास्त उडवतो.

मुले म्हणाली, तिकीट फुकट ठेवू. बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात फॉसडेम नावाचा मोठा मेळावा भरतो. तेथे हजारो लोक येतात, ना तिकीट ना नावनोंदणी. ही गोष्ट खरी आहे. पण तेथे विद्यापीठाचा परिसर मिळतो, खर्च प्रायोजक, देणग्या आणि टी-शर्टच्या विक्रीतून निघतो, आणि जेवण ज्याने त्याने विकत घ्यायचे असते. आपल्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवण्याची रीत नाही. फुकट नाव लिहिणारा येतोच असे नाही, आणि त्याच्या वाट्याची बिर्याणी मात्र शिजलेली असते. म्हणून तिकीट दोनशे का होईना, असावे. ज्या विद्यार्थ्याला जड जाईल त्याचे एखाद्या दुकानदाराने गुपचूप भरावे.

टी-शर्टचा त्यांना फार शौक. आम्ही कापडवाले, आम्ही समजावले: बाबांनो, टी-शर्ट होजियरीचा माल, तो तिरुपूरकडून येतो. मापे पाच प्रकारची. शेवटच्या आठवड्यात ऑर्डर दिली तर मोठ्या मापाचे कमी पडतात आणि लहान मापाचे गठ्ठ्याने उरतात. त्यापेक्षा आपल्या लूमच्या कापडाची पिशवी शिवून घ्या. तिला माप लागत नाही, चार शिलाईवाल्या घरांना काम मिळते आणि पाहुणा मालेगावचे कापड हातात घेऊन जातो. हे त्यांना पटले.

तारखेचाही प्रश्न निघाला. बाहेरच्या वक्त्यांना शनिवार-रविवार सोयीचा. आपल्या गावात लूमची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवार ठेवला तर जुम्यामुळे दिवसाचे दोन तुकडे होतात. रविवार ठेवला तर कारखान्यात हिशेब लिहिणारी, डिझाइन करणारी पोरे येऊ शकत नाहीत. शेवटी रविवार ठरला, आणि त्या दिवशी आपल्याकडच्या मुलांना सुट्टी द्यायचे आम्ही कारखानदारांकडून कबूल करून घेत आहोत. कार्यक्रम मगरिबच्या आत संपवायचा, मुलींच्या चौकशीसाठी मुलीच स्वयंसेवक ठेवायच्या, आणि कोणी गैर वागला तर तक्रार कोणाकडे करायची त्याची नावे दारावर लावायची. असे आचारनियम बाहेरच्या मेळाव्यांतही लेखी असतात. एवढे झाले की आईबाप मुलींना पाठवतील. आम्ही तर पाठवू.

बोलण्याच्या भाषेबद्दल आम्हीच विचारले, कारण आमची तालीम उर्दू माध्यमातली. मुले म्हणाली, उर्दूत बोला, मराठीत बोला, इंग्रजीत बोला. समजले पाहिजे एवढीच अट.

दोन गोष्टींची भीती

पहिली भीती पैशाची. चंदा ही अमानत आहे. मुले एकाच्या बचत खात्यात पैसे घेणार होती. आम्ही नाही म्हटले. नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यात रक्कम जमा व्हावी, दोन सह्यांशिवाय निघू नये, प्रत्येक खर्चाची पावती असावी, आणि मेळाव्यानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च सर्वांसमोर यावा. हॉलवाल्याला बयाणा देताना तारीख रद्द झाली तर किती परत मिळेल, आणि भाडे जीएसटी धरून की सोडून, हे लिहून घ्यावे. २०२० च्या फेब्रुवारीत बँकॉकला आशियाचा पहिला वर्डकॅम्प भरायचा होता. कोरोनामुळे तो थोडेच दिवस आधी रद्द करावा लागला, आणि २०२३ मध्ये भरला. एवढ्या मोठ्यांवर वेळ येते, तर आपल्यावर का येणार नाही?

दुसरी भीती माणसांची. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा नोकर नव्हे. असे काम दोघा-तिघांच्या खांद्यावर राहिले की ते थकतात, घरची जिम्मेदारी वाढते, आणि काम बसते. बेंगळुरूला २००१ मध्ये लिनक्स बेंगळुरू म्हणून सुरू झालेला आणि पुढे फॉस डॉट इन नावाने गाजलेला मेळावा २०१२ नंतर भरला नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगितले: हॉल एकाने पाहावा, जेवण दुसऱ्याने, वक्ते तिसऱ्याने, पैसे चौथ्याने, आणि प्रत्येकाच्या हाताखाली पुढल्या वर्षीचा एक माणूस आतापासून असावा. कोणी विचारील, ही मुले फुकट राबणार आणि मोठ्या कंपन्या त्यावर पैसा करणार, हा कोणता इन्साफ? सवाल वाजवी आहे. पण मेळाव्याला येणारा मुलगा तेथे काम देणारा गाठतो, शिकवणारा गाठतो. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे घरबसल्या मिळते. आपल्या मुलाला त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते. तो खर्च आणि ती रात्र वाचवणे हा या मेळाव्याचा खरा नफा आहे.

आमचा फैसला

आम्ही पाच हजार दिले. शाळेच्या हॉलसाठी शब्द टाकला आहे. मुलांचा रोजमेळ लिहायला आमच्या पेढीचे मुनीमजी आठवड्यातून एक दिवस बसतात, आणि मुलेही त्यांच्याकडून जमाखर्च शिकत आहेत. मंचावर आम्ही बसणार नाही. दोनशे रुपये भरून तिकीट काढले आहे. मागल्या रांगेत बसून ऐकू. जे समजणार नाही ते जेवताना विचारू.

व्यापारी बंधूंना विनंती एवढीच की, मुले दारात आली तर त्यांना "उद्घाटन कोणाच्या हस्ते?" असे विचारू नका. "हिशेब कोण लिहितो?" असे विचारा. जवाब नीट मिळाला तर गल्ला उघडा. आणि हाच सवाल आपल्या व्यापारी संघटनांच्या पुढच्या बैठकीतही उठून विचारा. तेथे जवाब मिळतो का, ते आम्हालाही पाहायचे आहे.